बऊबाजारची विज्ञानसभा: एका मानद पदाची ऐंशी वर्षे

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ साली त्या दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी जे पाहिले, त्याला पुढे ‘रामन परिणाम’ हे नाव मिळाले आणि १९३० साली रामन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका रंगाचा प्रकाश एखाद्या पारदर्शक द्रवातून जाताना त्यातला अगदी अल्प भाग रंग बदलून बाहेर पडतो आणि हा बदल त्या द्रवाच्या रेणूंची ओळख सांगतो, असे त्या शोधाचे थोडक्यात स्वरूप आहे. ही माहिती शालेय पुस्तकांत असते. हा शोध जिथे लागला त्या जागेविषयी मात्र फारसे सांगितले जात नाही. कलकत्त्यातील २१० बऊबाजार स्ट्रीट या पत्त्यावरची ती वास्तू विद्यापीठाची नव्हती आणि सरकारी खात्याचीही नव्हती. ती वर्गणी आणि देणग्यांवर चालणाऱ्या, सभासदांच्या एका संस्थेची होती. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ हे तिचे नाव. बंगालीत तिला ‘भारतवर्षीय विज्ञान सभा’ म्हणत. या लेखात आपण तिला विज्ञानसभा म्हणू. रामन त्या संस्थेचे पगारी प्राध्यापक नव्हते. ते तिचे मानद चिटणीस होते.

हे पद बिनपगारी होते, पण वसाहतकाळातल्या या विद्वत्संस्थेचा इतिहास समजून घ्यायचा तर त्याच पदाकडे पाहावे लागते. १८७६ ते १९५६ या ऐंशी वर्षांत विज्ञानसभेची सूत्रे प्रामुख्याने चौघांच्या हाती राहिली आणि त्या चौघांनीही ती मानद चिटणीस म्हणूनच प्रथम हाती घेतली. संस्था तगली ती या पदाच्या स्वायत्ततेमुळे, आणि तिच्यावरची मोठी संकटेही याच पदातून उद्भवली, असे माझे मत आहे.

अध्यक्ष कोण आणि कारभारी कोण

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या माणसाला ही रचना नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. सभासद वर्गणी भरतात, मोठी रक्कम एकदम भरणारे आजीव सभासद होतात, हे सभासद कार्यकारिणी निवडतात, मालमत्ता विश्वस्तांच्या नावे असते, आणि शिखरावर अध्यक्ष असतो. एकोणिसाव्या शतकात असा अध्यक्ष बहुधा एखादा गव्हर्नर, न्यायाधीश किंवा संस्थानिक असे, कारण त्याच्या नावामुळे देणगीदारांना विश्वास वाटे आणि सरकारदरबारी अर्ज अडत नसे. विज्ञानसभेच्या सुरुवातीच्या काळात हा मान बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडे होता. तो वार्षिक सभेला येई, चार शब्द बोले आणि जाई. पत्रव्यवहार, हिशेब, व्याख्यानांची आखणी, उपकरणांची खरेदी, देणगीसाठी उंबरे झिजवणे आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाला द्यायची हे ठरवणे, ही सारी कामे मानद चिटणिसाची होती. त्यामुळे अध्यक्षांची यादी वाचून या संस्थेचा इतिहास कळत नाही.

ही रचना इंग्रजांनी सोबत आणलेली होती. कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी १७८४ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जोन्स होते. भारताची भाषा, वनस्पती, प्राणी, नाणी, शिलालेख यांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत भारतीयांना सभासद होता आले ते १८२९ पासून, आणि राजेंद्रलाल मित्र हे पहिले भारतीय अध्यक्ष झाले ते १८८५ साली, म्हणजे स्थापनेनंतर १०१ वर्षांनी. मुंबईचा अनुभव फार वेगळा नाही. १८०४ साली सुरू झालेल्या आणि पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनलेल्या संस्थेला काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या रूपाने पहिला भारतीय अध्यक्ष मिळाला, तो १८९२ साली.

सरकारी विज्ञानखात्यांची दारे तर याहून अरुंद होती. १८५१ साली सुरू झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात प्रमथनाथ बोस यांच्यासारखा लंडनमध्ये शिकलेला भूवैज्ञानिक १८८० पासून काम करत होता. परंतु प्रमुखपदाची वेळ आली तेव्हा सेवेत त्यांच्याहून दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड यांची निवड झाली आणि बोस यांनी १९०३ साली सेवा सोडली. मयूरभंज संस्थानातल्या लोहखनिजाविषयी १९०४ साली जमशेटजी टाटांना पत्र लिहिणारे आणि पर्यायाने जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याची वाट दाखवणारे ते हेच गृहस्थ. विज्ञानसभेत भूविज्ञानावर व्याख्याने देणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. सरकारी यंत्रणेत ज्यांना वर जाता येत नव्हते, त्यांच्यासाठी आपल्या माणसांच्या हातातली एखादी संस्था का आवश्यक होती, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

संस्थापक: डॉ. महेंद्रलाल सरकार

अशी संस्था काढण्याचा विचार ज्यांनी धरून ठेवला ते महेंद्रलाल सरकार व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांचा जन्म १८३३ साली हावडा जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाला, लहानपणीच पोरके झाल्यामुळे ते कलकत्त्यात मामांकडे वाढले, आणि कलकत्ता मेडिकल कॉलेजातून शिकून १८६३ साली त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. कलकत्ता विद्यापीठाचे ते दुसरे एम.डी. होते. शहरातल्या नामांकित डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली होती. अशा वेळी होमिओपॅथीवरच्या एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याच्या निमित्ताने त्यांनी त्या उपचारपद्धतीचा अभ्यास केला आणि टीका करायला बसलेले सरकार तिचे समर्थक झाले. १८६७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेच्या सभेत त्यांनी हे मत उघडपणे मांडले. परिणामी सहव्यवसायी डॉक्टरांनी त्यांना वाळीत टाकले आणि त्यांचे रुग्णही काही काळ तुटले.

होमिओपॅथीविषयीचे त्यांचे मत आज कोणाला पटो वा न पटो, येथे महत्त्वाची आहे ती त्यामागची त्यांची भूमिका. एखाद्या गोष्टीचा निर्णय पुराव्यावर व्हावा, व्यवसायातल्या ज्येष्ठांच्या बहुमतावर होऊ नये, असे ते मानत. यासाठी त्यांनी १८६८ साली ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे मासिक काढले आणि १८६९ साली त्याच मासिकात भारतीयांनी चालवलेल्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेची गरज मांडणारा लेख लिहिला. १८७० च्या जानेवारीत ‘हिंदू पेट्रियट’ या वृत्तपत्रातून देणग्यांचे आवाहन प्रसिद्ध झाले. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन त्यांच्या डोळ्यांपुढे होती; लोकांसमोर प्रयोगांसह व्याख्याने व्हावीत आणि त्याच इमारतीत मूळ संशोधनही व्हावे, ही दुहेरी कल्पना त्यांनी तिथून घेतली. त्यांची मुख्य अट एकच होती. संस्थेचे व्यवस्थापन संपूर्णपणे भारतीयांकडे राहील. युरोपीय विद्वानांचे साहाय्य त्यांना हवेच होते. सेंट झेवियर्स कॉलेजातले भौतिकशास्त्राचे बेल्जियन अध्यापक फादर युजीन लाफों त्यांच्या बरोबरीने उभे राहिले आणि संस्थेचे सर्वांत लोकप्रिय व्याख्याते ठरले. प्रश्न कोणाकडून शिकायचे हा नव्हता, निर्णय कोणी घ्यायचे हा होता.

बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी ‘बंगदर्शन’ मासिकातून या योजनेचा पुरस्कार केला. तरीही पहिल्या आवाहनापासून उद्घाटनापर्यंत सहा वर्षांहून अधिक काळ गेला, कारण पैसा फार सावकाश जमत होता. शेवटच्या टप्प्यावर ‘इंडियन लीग’ या संघटनेने वेगळाच आग्रह धरला. शुद्ध विज्ञानाची चैन या गरीब देशाला परवडणारी नाही, त्याऐवजी हातांना काम देणारी तांत्रिक शाळा काढा, असे तिचे म्हणणे होते. हा वाद आजही जुना झालेला नाही. महेंद्रलालांचे उत्तर असे होते की ज्या देशात मूळ विज्ञान कोणालाच येत नाही तिथे तांत्रिक शाळेत शिकलेली माणसे परक्यांच्या यंत्रांवर मजुरी करतील, ती यंत्रे घडवू शकणार नाहीत. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांना दोन्ही बाजूंविषयी सहानुभूती होती, पण अखेर महेंद्रलालांची योजना टिकली. २९ जुलै १८७६ रोजी टेंपल यांच्या अध्यक्षतेखाली संस्थेचे उद्घाटन झाले. मराठी वाचकांना हे टेंपल अपरिचित नाहीत: त्याआधी ते नागपूरला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते आणि १८७७ पासून मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी त्यांनी ज्या पातळीवर आणली, त्याबद्दल त्यांचे नाव आपल्या इतिहासात कटुतेने घेतले जाते. तोच अधिकारी बऊबाजारात विज्ञानसंस्थेचे दार उघडतो, ही त्या काळाची गुंतागुंत आहे.

इमारती मिळाल्या, प्राध्यापक मिळाला नाही

महेंद्रलाल १८७६ पासून १९०४ साली मृत्यू येईपर्यंत मानद चिटणीस राहिले. दिवसा वैद्यकीय व्यवसाय आणि संध्याकाळी विज्ञानसभा, असा त्यांचा क्रम अठ्ठावीस वर्षे चालला. स्वतः ते व्याख्याने देत. पुढे जगदीशचंद्र बोस, आशुतोष मुखर्जी यांच्यासारख्या तरुणांनीही तेथे व्याख्याने दिली. व्याख्यानगृह उभे राहिले, विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा झाली, चांगली उपकरणे आली. त्यांना सर्वांत जास्त हवी होती ती गोष्ट मात्र झाली नाही. पूर्णवेळ संशोधन करणारा, संस्थेच्या पैशावर निर्वाह करणारा एकही प्राध्यापक त्यांना नेमता आला नाही.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण अशा संस्थांच्या नेतृत्वाची मर्यादा तिथेच दिसते. इमारतीला एकदाच पैसा लागतो आणि तिच्या दर्शनी भागावर देणगीदाराचे नाव कोरता येते. प्राध्यापकाला दरमहा पगार लागतो, तो कायम द्यावा लागतो आणि त्याच्या कामाचे फळ कधी दिसेल हे सांगता येत नाही. त्या काळी असा पगार द्यायचा तर मोठी रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवून तिच्या व्याजातून तो भागवावा लागे. समजा, दरमहा २०० रुपये पगार द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला २,४०० रुपये झाले आणि चार टक्के व्याज धरले तर केवळ एका माणसासाठी ६०,००० रुपये कायमचे बाजूला ठेवावे लागतात. बंगालमधल्या जमीनदारांकडे आणि संस्थानिकांकडे एवढा पैसा नव्हता असे नाही. मात्र अदृश्य कामासाठी कायमचा पैसा देण्याची सवय समाजाला नव्हती. शेवटच्या वर्षांतल्या महेंद्रलालांच्या भाषणांत ही निराशा लपत नाही. आपण आयुष्य एका फसलेल्या कामावर घालवले, असेच त्यांना वाटू लागले होते.

इतिहासकारांनीही बराच काळ हा निवाडा मान्य केला आणि महेंद्रलालांच्या कारकिर्दीतली विज्ञानसभा म्हणजे सुशिक्षितांसाठी संध्याकाळची व्याख्याने, असे तिचे वर्णन केले. मला हा निवाडा अपुरा वाटतो. प्राध्यापक मिळत नाही म्हणून महेंद्रलाल ती वास्तू सरकारला किंवा विद्यापीठाला देऊन मोकळे होऊ शकले असते. ते त्यांनी केले नाही. प्रयोगशाळा रिकामी राहिली, पण ती संस्थेच्याच मालकीची राहिली, आणि तिथे कोणी काम करावे हे ठरवण्याचा अधिकार एका चिटणिसाकडे राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी याच गोष्टीला महत्त्व आले.

मुलाकडे आलेले पद

महेंद्रलालांनंतर त्यांचे पुत्र अमृतलाल सरकार, तेही डॉक्टरच, मानद चिटणीस झाले आणि १९१९ पर्यंत राहिले. म्हणजे पहिली त्रेचाळीस वर्षे हे पद एकाच घरात होते. लोकनियुक्त कार्यकारिणी असलेल्या संस्थेत पद वारशाने जावे हे तत्त्वतः योग्य नाही, आणि आपल्याकडच्या अनेक संस्थांचे यातून झालेले नुकसान आपण पाहिले आहे. या उदाहरणात मात्र अमृतलालांना नाव ठेवणे कठीण आहे.

१९०७ साली अठरा वर्षांचे रामन भारतीय वित्तखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून कलकत्त्यात आले. मद्रासला त्यांनी प्रकाशावर संशोधन केले होते, पण विज्ञानात भारतीयाला पोट भरण्याजोगी नोकरी नव्हती म्हणून त्यांनी सरकारी परीक्षा दिली. एकदा ट्रामने जाताना त्यांना बऊबाजार स्ट्रीटवर विज्ञानसभेची पाटी दिसली. ते आत गेले. दार उघडले ते आशुतोष दे यांनी. ते तिथले सहायक होते आणि सर्वजण त्यांना आशुबाबू म्हणत. त्यांनी या तरुणाला अमृतलालांकडे नेले. आपल्याला फावल्या वेळात येथे प्रयोग करायचे आहेत, असे रामन यांनी सांगितले आणि अमृतलालांनी आनंदाने प्रयोगशाळा त्यांच्या स्वाधीन केली. यासाठी कोणत्याही विभागाची मंजुरी, जाहिरात किंवा मुलाखत लागली नाही. सरकारी प्रयोगशाळेत हे घडणे शक्य नव्हते. महालेखापाल कार्यालयातल्या अधिकाऱ्याला तिथे कोणी उभेही केले नसते. वडिलांनी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो माणूस मुलाच्या दारात आला आणि मुलाने त्याला ओळखले, हे अमृतलालांचे कर्तृत्व पुरेसे मोठे आहे.

त्यानंतर रामन सकाळी कचेरीआधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर तिथे काम करत. जवळच्याच गल्लीत त्यांनी घर घेतले. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि मग नागपूरला झाली. नागपूरच्या मुक्कामातही त्यांनी घरी प्रयोग चालू ठेवले आणि १९११ साली ते कलकत्त्याला परतले. आशुबाबू त्यांचे मुख्य सहकारी होते. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या माणसाचे नाव रामन यांच्याबरोबर संशोधन निबंधांवर लेखक म्हणून आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण पदव्यांना सर्वस्व मानणाऱ्या त्या काळच्या शैक्षणिक व्यवस्थेत याला जागा नव्हती. १९०९ पासून संस्थेची स्वतःची संशोधनपत्रिका निघू लागली.

शास्त्रज्ञ चिटणीस

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाचे सूत्रधार आशुतोष मुखर्जी यांनी रामन यांना तारकनाथ पालित यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदावर आणले. त्यासाठी रामन यांनी बरीच अधिक पगाराची सरकारी नोकरी सोडली. १९१९ साली अमृतलाल वारले आणि रामन विज्ञानसभेचे मानद चिटणीस झाले. आता एकाच माणसाकडे विद्यापीठातले पगारी पद आणि विज्ञानसभेतले बिनपगारी पद अशी दोन्ही आली. विद्यापीठातून विद्यार्थी येत आणि प्रयोग बऊबाजारात होत. महेंद्रलालांना न सुटलेला पगाराचा प्रश्न अशा आडमार्गाने सुटला: प्राध्यापकाचा निर्वाह विद्यापीठ करत होते आणि त्याच्या कामाचे घर विज्ञानसभा होती.

१९१९ ते १९३३ ही चौदा वर्षे संस्थेचा सुवर्णकाळ ठरली. देशाच्या सर्व भागांतून, विशेषतः दक्षिणेतून, तरुण संशोधक येऊ लागले. १९२६ साली संस्थेचे नियतकालिक ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ या नावाने नव्याने निघू लागले, आणि दोनच वर्षांत त्याची उपयुक्तता सिद्ध झाली. २८ फेब्रुवारी १९२८ ला शोध लागला, १६ मार्चला रामन यांनी बंगळुरूला त्यावर व्याख्यान दिले आणि मार्च संपण्यापूर्वी ते या नियतकालिकात छापून जगभर रवाना झाले. त्याच सुमारास मॉस्कोतले संशोधकही अशाच परिणामापर्यंत पोचले होते. अशा स्पर्धेत आठवडेही मोजले जातात, आणि परदेशी संपादकाच्या सवडीवर अवलंबून न राहता स्वतःच्या नियतकालिकातून निबंध काढता येणे हा नेतृत्वाने आधी घेतलेल्या निर्णयाचा लाभ होता.

याच काळात एक दोषही वाढत होता. संस्था आणि रामन हे समीकरण इतके घट्ट झाले की चिटणिसाच्या इच्छेपेक्षा वेगळे असे संस्थेचे मत उरले नाही. रामन स्पष्टवक्ते, आत्मविश्वासाने भरलेले आणि विरोध न खपवणारे होते. बंगालमधल्या लोकांच्या पैशावर उभी राहिलेली संस्था बाहेरच्यांसाठी चालते, अशी तक्रार कलकत्त्यात होऊ लागली. त्यात प्रांतिक भावना होती हे उघड आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीने ती तक्रार अन्यायाची होती, कारण दक्षिणेकडच्या त्या तरुणांनीच संस्थेचे नाव जगभर नेले होते. परंतु जिथे सत्ता सभासदांच्या मतांवर उभी आहे तिथे सभासदांची मने राखणे हेही चिटणिसाचे काम असते, आणि ते रामन यांनी केले नाही.

१९३४ चा फुटीचा प्रसंग

१९३३ साली रामन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक म्हणून गेले. जमशेटजी टाटांच्या मूळ देणगीतून झालेल्या त्या संस्थेचे प्रमुखपद सोडता येण्याजोगे नव्हते. त्याच वर्षी विज्ञानसभेत महेंद्रलाल सरकार यांच्या नावाचे संशोधन प्राध्यापकपद निर्माण झाले आणि त्यावर पहिली नेमणूक कृष्णन यांची झाली. स्थापनेला सत्तावन्न वर्षे झाल्यावर संस्थापकाची मूळ इच्छा पूर्ण झाली, तीही अशा वेळी की संस्थेत भांडणाचे ढग जमले होते.

बंगळुरूला राहूनही विज्ञानसभेची दिशा आपणच ठरवावी, असा रामन यांचा प्रयत्न होता. कलकत्त्यातल्या मंडळींना ते मान्य नव्हते. वाद विज्ञानाचा नव्हता. तो सभासदत्वाचा आणि मतांचा होता, आणि १९३४ च्या सभेत बहुमत रामन यांच्या विरोधात गेले. जिथे सत्तावीस वर्षांपूर्वी ते ट्राममधून उतरून आले होते, त्या संस्थेशी त्यांचे नाते तुटले. मताधिकार देणगीच्या पावतीवर मिळतो, त्याला विज्ञान समजण्याची अट नसते. त्यामुळे अशा संस्थेत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञही एका दुपारी अल्पमतात जाऊ शकतो.

याचे पडसाद बऊबाजारापुरते राहिले नाहीत. भारतातल्या शास्त्रज्ञांची एक राष्ट्रीय अकादमी असावी, अशी चर्चा त्याच वर्षांत चालू होती. रामन यांनी १९३४ सालीच बंगळुरूला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. त्या चर्चेत पुढाकार घेणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या बाजूने १९३५ साली कलकत्त्यात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया सुरू झाली, जी आज दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. एका देशात दोन अकादम्या कशा, असा प्रश्न पडतो त्याचे उत्तर बरेचसे या काळातल्या दुराव्यात आहे.

विज्ञानसभेत कृष्णन यांनी १९४२ साली अलाहाबादला जाईपर्यंत स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर उत्तम काम केले. कारभाराच्या दृष्टीने मात्र ही वर्षे निस्तेज होती.

साहा आणि सरकारी पैसा

ढाक्याजवळच्या एका खेड्यात किरकोळ दुकानदाराच्या घरी जन्मलेले मेघनाद साहा ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणाऱ्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे जगभर ओळखले जात होते. १९३८ साली ते अलाहाबादहून कलकत्ता विद्यापीठात परतले, १९४४ साली विज्ञानसभेचे मानद चिटणीस आणि १९४६ साली अध्यक्ष झाले. महेंद्रलालांच्या काळापासून अध्यक्षपद शोभेचे मानले गेले होते. साहांनी ते कामाचे केले.

त्यांचा विचार संस्थापकाच्या विचाराच्या नेमका उलट होता आणि त्याला सबळ कारण होते. १८७६ साली सरकार परके होते, म्हणून त्याच्यापासून अंतर राखणे म्हणजे स्वातंत्र्य राखणे होते. १९४६ साली सरकार आपले होऊ घातले होते. शिवाय विज्ञानाचा खर्चच बदलला होता. रामन यांनी १९२८ चा शोध साध्या आणि स्वस्त उपकरणांवर लावला, पण त्यानंतरच्या वीस वर्षांत अणुकेंद्राच्या संशोधनासाठी लागणारी यंत्रे कोणत्याही देणगीदाराच्या आवाक्यात राहिली नव्हती, हे साहांना कलकत्त्यात सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, उभारण्याच्या खटपटीतून पुरते कळले होते. म्हणून त्यांनी केंद्र आणि राज्य सरकारकडून नियमित अनुदान मिळवण्याची योजना आखली, संशोधनाचे स्वतंत्र विभाग आणि पगारी प्राध्यापक असलेली संस्था कल्पिली, आणि बऊबाजारची जागा अपुरी म्हणून जादवपूरला नवी वास्तू उभी केली. १९५० च्या सुमारास संस्था तिथे हलली. १९५३ साली साहा तिचे पूर्णवेळ संचालक झाले. त्याआधी, १९५२ साली, ते कलकत्त्यातून लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून गेले होते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना त्यांचे निधन झाले.

पगारी संचालक आल्यावर मानद चिटणिसाचे जुने महत्त्व संपले. यात काय मिळाले ते सहज सांगता येते: नियमित पगार, मोठ्या प्रयोगशाळा, आणि एका घराण्यावर किंवा एका प्रतिभावंतावर संस्था अवलंबून न राहणे. १९३४ सारखा प्रसंग घडण्याची शक्यताही उरली नाही, कारण संचालकाची नेमणूक आता सभासदांच्या मतावर ठरत नाही. जे गेले तेही सांगितले पाहिजे. कचेरी सुटल्यावर दारात आलेल्या अनोळखी तरुणाला त्याच संध्याकाळी प्रयोगशाळा देण्याचा अमृतलालांचा अधिकार आज कोणत्याही अनुदानित संस्थेच्या संचालकाला नाही. पैसा सरकारचा असल्यावर हिशेब, पात्रतेच्या अटी आणि मंजुरी या गोष्टी ओघाने येतात, आणि त्या अनाठायी आहेत असेही म्हणता येत नाही.

जादवपूरची संस्था आजही त्याच जुन्या नावाने काम करते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून तिला अनुदान मिळते आणि २०१८ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे.